जुनं आउटबोर्ड बघायला जाताना

परवा एका मित्राचा फोन आला, म्हणे १५ हॉर्सपॉवरचं एक जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) मिळतंय, मालकाने समोर चालू करून दाखवलं, दुसऱ्या हिसक्यातच लागलं, आवाजही मस्त आहे, घेऊन टाकू का? मी एवढंच विचारलं, "तू पोचलास तेव्हा इंजिन थंड होतं का?" तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "हात नाही लावला रे." मग आम्ही जवळजवळ तासभर बोललो आणि बोलता बोलता लक्षात आलं की हेच सगळं मी आत्तापर्यंत इतक्या जणांना सांगून झालोय की एकदा नीट लिहूनच काढलेलं बरं.

मुद्दा एकच आहे आणि तो मला मनापासून सांगायचाय. इंजिन चालू झालं म्हणजे इंजिन चांगलं, असं अजिबात नसतं. पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडतेय आणि जेमतेम कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब) आहे एवढ्यावर अर्धमेलं इंजिनसुद्धा चालू होतं आणि जागच्या जागी छान गुरगुरतं. जे दोष खिसा रिकामा करतात ते सगळे मुके असतात, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरलेलं पाणी, एका सिलिंडरचं उतरलेलं कॉम्प्रेशन, खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेले पाण्याचे मार्ग. यातलं काहीच चालू करून दाखवण्यात कळत नाही, ते मुद्दाम शोधावं लागतं.

मी हे शिकलो ते माझ्या पहिल्या इंजिनावर. बघायला गेलो, बाहेरून चकाचक रंग, एका हिसक्यात चालू, पाण्याची धार व्यवस्थित, पैसे देऊन घेऊन आलो. तीन महिने सुंदर चाललं. चौथ्या महिन्यात एके दिवशी पाण्यात असताना खालून खरखर यायला लागली, पुढचा गिअर टाकला की कटकट, आणि मग धाडकन सगळं जाम झालं. वल्ही मारत परत आलो. मेकॅनिककाकांनी गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू काढला तर आधी नुसतं पाणी आलं, चांगलं अर्धी वाटी, आणि त्यामागून राखाडी पांढरट चिकट लगदा. पंखा (प्रॉपेलर) काढला तर त्याच्या मागे शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली, सीलमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यात, रुतून बसलेली. म्हणजे त्या दोरीने सील कापलं, सीलमधून पाणी आत, पाण्याने बेअरिंग गंजलं, बेअरिंगने गिअर खाल्ले. काका फक्त म्हणाले, "घ्यायच्या आधी हा स्क्रू अर्धा आटा सैल केला असतास तरी समजलं असतं." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

तर आता क्रमाने, निदान मला सुचेल त्या क्रमाने.

जायच्या आधी फोनवरच मालकाला सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, मला थंड इंजिन बघायचंय. चांगला माणूस असेल तर त्याला यात काही वाटत नाही. आणि पोचल्यावर इतर काही बोलायच्या आधी वरचं कव्हर काढून सिलिंडर हेडवर हात ठेवा. कोमट लागलं तर सकाळी सांगून सुद्धा त्याने आधी चालू करून ठेवलंय, आणि तसं करायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की थंड असताना ते नीट लागत नाही. मग एकतर थंड होईपर्यंत थांबा नाहीतर दुसऱ्या दिवशी जा. फोनवरच अजून विचारून घ्या की किती दिवस बंद पडून आहे, खाऱ्या पाण्यात चाललंय का गोड्या, कधी पाण्यात बुडालं होतं का, आणि शेवटचं काम कधी, काय केलं. उत्तरं लिहून ठेवा, कारण इंजिन बघताना ती पडताळून बघता येतात, आणि दोन्ही जुळत नसतील तर इंजिनाचं ऐकायचं.

अजून एक काम घरीच करायचं, आपल्या बोटीचा ट्रान्सम मोजायचा, म्हणजे मागची ती फळी जिच्यावर इंजिन बसतं, तिच्या वरच्या कडेपासून खाली बोटीच्या तळापर्यंत. आउटबोर्डचे शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली जाणारा पाय, साधारण १५ इंच, २० इंच आणि २५ इंच अशा मापात येतात, शॉर्ट, लाँग आणि एक्स्ट्रा लाँग. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती साधारण तळाच्या पातळीला यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं भोंगावतं आणि बोट जात नाही, लांब पडला तर उगाच पाणी कापत ओढ वाढवतो आणि उथळ पाण्यात आधी तोच आपटतो. कितीही स्वस्त मिळत असलं तरी चुकीच्या शाफ्टचं इंजिन घेऊ नका, आणि बोटीवर जास्तीत जास्त हॉर्सपॉवरची पट्टी लावलेली असेल तर त्याच्या वरचं तर मुळीच नको.

सोबत न्यायचं सामान फार नाही. प्लगचा पाना, कॉम्प्रेशन गेज, एक मोठा रुंद डिस्मिस (गिअरबॉक्सचा स्क्रू बारीक डिस्मिसने काढायला गेलात तर खाच खराब होते आणि मग मालक चिडतो, बरोबरच आहे त्याचं), त्या स्क्रूचे दोन नवे वायसर, पकड, टॉर्च, मल्टिमीटर, फडकी आणि एक पारदर्शक बरणी. एवढं पिशवीत असलं तर अर्ध्या तासात इंजिनाची कुंडली हातात येते.

आधी नंबर बघा. ट्रान्समवर बसणाऱ्या ब्रॅकेटवर मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी असते. ती उचकटलेली असेल, घासलेली असेल, नुसती रिव्हेटची भोकं दिसत असतील तर तिथूनच परत फिरा, चोरीचं इंजिन घेऊन बसण्यात काही अर्थ नाही. बऱ्याच इंजिनांमध्ये ब्लॉकवरही एका गोल धातूच्या चकतीवर नंबर असतो, तो ब्रॅकेटच्या नंबरशी जुळतोय का ते बघायचं, जुळत नसेल तर वरचं इंजिन बदललेलं आहे, आणि त्याचा हिशोब मालकाने सांगायला हवा. वर्ष कळणं पण महत्त्वाचं, कारण "फार जुनं नाहीये" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. जॉन्सन आणि एविनरूडच्या १९८० पासून पुढच्या इंजिनांना एक गंमतशीर खूण आहे, मॉडेल नंबरच्या शेवटाकडे जी अक्षरं असतात त्यातून वर्ष निघतं, इंग्रजी 'इंट्रोड्यूसेस' या शब्दाची अक्षरं ओळीने घ्यायची, आय म्हणजे १, एन म्हणजे २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस म्हणजे शून्य. म्हणजे सी आणि ओ दिसलं की १९८५. अगदी शेवटी अजून एक सुटं अक्षर असू शकतं, ते वर्षात धरायचं नाही.

वर्षाबरोबर सुट्या भागांचाही विचार करा. एविनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, म्हणजे त्यांची इंजिनं वाईट आहेत असं अजिबात नाही, पण घ्यायच्या आधी आपल्याला पंप किट, सील, कॉइल, कार्बोरेटर किट मिळतंय का ते विचारून ठेवलेलं बरं. हे कुठल्याही कंपनीच्या वीसेक वर्षं जुन्या इंजिनाला लागू आहे.

आता कव्हर काढलेलंच आहे तर जरा वेळ नुसतं बघत बसा, कशालाही हात न लावता. सिलिंडर हेडवरचा रंग बघा, तो तपकिरी झालाय, फुगलाय, सोलवटलाय असं दिसलं तर ते इंजिन कधीतरी भयंकर तापलेलं आहे. वरून ताजा स्प्रे मारलेला असेल तर मला जास्त शंका येते, कारण कव्हरच्या आतल्या भागाला सौंदर्यासाठी रंग कोण देतं? बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा दिसतात का बघा, हेडचे बोल्ट कधीतरी उघडलेत हे त्यावरून कळतं, उघडले म्हणजे वाईटच असं नाही पण का उघडले ते विचारायचं. फ्लायव्हीलच्या खाली कोपऱ्यात वाळू, गाळ, सुकलेली माती, कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा थर असेल तर हे इंजिन पाण्याखाली जाऊन आलंय. ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर आणि रंगाखाली फुगे म्हणजे खारं पाणी आणि नंतर गोड्या पाण्याने न धुणं. फ्लायव्हीलखाली स्टेटरमधून (वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांमधून) काळसर डांबरासारखा पदार्थ ओघळलेला दिसला तर स्टेटर जळत चाललाय.

झिंकचे तुकडे, म्हणजे ॲनोड, ते पण बघाच. त्यांचं काम स्वतः खाल्लं जाणं हे आहे, म्हणजे बाकीचं इंजिन वाचतं. अर्धे झिजलेले ॲनोड ही चांगली खूण आहे, त्याचा अर्थ ते काम करतायत. पूर्ण संपलेले असतील तर त्यानंतर गंजाने इंजिनच खायला सुरुवात केली असणार. आणि कोणी त्यांच्यावर रंग मारून ठेवला असेल तर ते निकामीच झाले, रंगाखाली ॲनोड काहीच करू शकत नाही.

आता गिअर ऑइल, आणि इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे. इंजिन उभं असायला हवं, आणि शक्यतो काही तास हललेलं नसावं, म्हणजे आत पाणी असेल तर ते जड असल्याने खाली बसतं. खालच्या गिअरबॉक्सला दोन स्क्रू असतात, एक अगदी खाली आणि एक वर. वरच्याला हात लावायचा नाही. खाली बरणी धरायची आणि खालचा स्क्रू हळूहळू सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. वरचा बंद असल्याने तेल भसकन येत नाही, थेंब थेंब येतं. पहिले दोनचार थेंब म्हणजेच सगळी गोष्ट. स्वच्छ पाण्याचा थेंब आधी आला की संपलं. दुधाळ, पांढरट, राखाडी आलं तर पाणी तेलात घुसळलं गेलंय. काळं पण जळका वास नसलेलं असेल तर जुनं तेल आहे, एवढं वाईट नाही. जळका उग्र वास असेल तर गिअर तापलेत. एक थेंब बोटांत चोळून बघा, कचकच लागते का. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर मऊ लोकरीसारखा काळा थर असणं अगदी साधं आहे, तो सगळ्यांच्यात असतो, पण नखाला टोचतील असे कपचे, चकचकीत चिपा दिसल्या तर गिअरचे दात गेलेत. बघून झालं की नवा वायसर घालून घट्ट बंद करायचं.

एक सावधगिरी. जुन्या जॉन्सन-एविनरूडच्या काही गिअरबॉक्सवर ड्रेन स्क्रूच्या शेजारीच एक चौफुलीच्या खाचेचा स्क्रू असतो, तो तेलाचा नाही, तो आत गिअर बदलणारा भाग धरून ठेवतो. तो काढला की आतला तुकडा जागेवरून निसटतो आणि अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो, दुसऱ्याच्या इंजिनावर असं झालं तर काय तोंडाने सांगणार. सपाट खाचेचा मोठा स्क्रू तोच आपला.

आणि तेल अगदी कोरं करकरीत, सोनेरी निघालं तर? तर त्याने कालच बदललंय. कदाचित चांगल्या मनाने, कदाचित दुधाळ तेल लपवायला. अशा वेळी पाण्यात अर्धा तास चालवून झाल्यावर परत एकदा स्क्रू सैल करून बघायचं, सील गेलेलं असेल तर बरेचदा तेवढ्यातच तेल ढगाळ व्हायला लागतं.

तिथेच खाली बसलेले असताना पंखा बघा. काठावर छोटे दाते पडलेले चालतात, पंखा दुरुस्त होतो किंवा बदलता येतो. पण पंखा न्यूट्रलमध्ये हाताने गोल फिरवा आणि शाफ्टच्या टोकाजवळ डिस्मिसचं टोक स्थिर धरून बघा, टोक आणि शाफ्टमधलं अंतर कमीजास्त होत असेल तर शाफ्ट वाकलाय, दगडावर आपटलाय. गिअरबॉक्सच्या खाली जे पातं असतं ते तुटलेलं किंवा वेल्डिंग केलेलं असेल तरी हेच समजायचं, नुसतं पातं तुटलं तर एवढं काही नाही पण आपटताना आत काय झालं तो प्रश्न उरतो. मालक हो म्हणाला तर पंख्याचा नट काढून मागे दोरी गुंडाळलीय का ते बघा. मी आता हे बघितल्याशिवाय कुठलंच इंजिन घेत नाही.

पुढचा गिअर टाकून (त्याआधी किल स्विचची, म्हणजे इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची, क्लिप काढून ठेवायची, हात पंख्यावर आहे) पंखा फिरवला की बहुतेक इंजिनात एका बाजूला टकटक करत फिरतो आणि उलट बाजूला अडतो. रिव्हर्समध्ये दोन्हीकडे अडतो. अडला पाहिजे तिथे घसरत असेल तर आतला क्लच झिजलाय.

मग कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढायचे, एकच नाही, सगळे, आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते ओळीने मांडून ठेवायचं. प्लग स्वतःच खूप बोलतात. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा तो सिलिंडर नीट पेटत नाहीये. पांढराफटक, टोकाला वितळल्यासारखा म्हणजे तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. टोकावर चमकणारे बारीक ॲल्युमिनियमचे कण दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय. आणि बाकीचे तपकिरी असताना एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. प्लगचे आटे पण तपासा, भोकात वेगळ्या रंगाची स्प्रिंगसारखी वायर दिसली तर आटे गेले होते आणि नवीन बसवलेत.

प्लगच्या वायरी जमिनीला म्हणजे ब्लॉकला टेकवून ठेवा किंवा किल स्विचची क्लिप काढा, कारण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि शेजारी ठिणगी पडणं धोक्याचं, शिवाय वायर मोकळी ठेवून फिरवलं तर काही इंजिनांचं इग्निशन जळतं. थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज लावून दोरी चारपाच वेळा जोरात ओढा, किंवा सेल्फ असेल तर काटा वाढायचा थांबेपर्यंत फिरवा. प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच वेळा. आकडा लिहा.

आकडा किती यावा हे मॉडेलवर असतं, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तर ते बघा, पण खरी गोष्ट फरकात आहे. सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असायला हवेत. ११८ आणि ११५ पीएसआय आलं तर मी खूश. १२० आणि ९० आलं तर मी प्लग परत लावून देतो आणि नमस्कार करून निघतो, मग ते कितीही गोड वाजत असो. सगळेच सारखे पण कमी असतील तर गेज खोटं दाखवतंय, थ्रॉटल बंद राहिलंय, नाहीतर इंजिन सगळीकडून सारखं झिजलंय. छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी ओढता यावी म्हणून आपोआप प्रेशर सोडणारी सोय असते, त्यामुळे तिथे आकडा कमी येतो, त्याने घाबरू नका. टॉर्च मारून भोकातून सिलिंडरची भिंत जेवढी दिसते तेवढी बघा, उभे खोल ओरखडे नकोत.

टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक हा वाद मी इथे घालत नाही, दोन्ही चांगली. टू-स्ट्रोक असेल तर मालकाला विचारा पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता. बऱ्याच इंजिनांना ५०:१ लागतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलि ऑइल, जुन्यांना याहून जास्त. "अंदाजाने घालतो" असं उत्तर आलं तर मी कॉम्प्रेशनकडे अजून कडक नजरेने बघतो. ऑइलची वेगळी टाकी असून ती वायरी तोडून बंद केलेली असेल तर ते चालतं, फक्त मग पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायलाच हवं, हे विसरलात तर काही मिनिटांत इंजिन जाम. फोर-स्ट्रोकला डिपस्टिक ओढून बघा. दुधाळ म्हणजे पाणी. पातळी खुणेच्या खूप वर आणि तेलाला पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल तेलात उतरतंय, तेल पातळ होतं आणि बेअरिंग झिजतात. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन असेल तर कॉम्प्युटर जोडून चाललेले तास, कुठल्या आरपीएमला किती तास, जुने एरर कोड सगळं काढता येतं, थोडे पैसे लागले तरी ते काढून घ्याच. फक्त एक, कमी तास म्हणजे आपोआप चांगलं असं समजू नका. आठ वर्षांत ४० तास चाललेल्या इंजिनात पेट्रोल सुकून कार्बोरेटरमध्ये लाखेसारखं चिकटलेलं असतं, रबर कडक झालेलं असतं. दर आठवड्याला चालणारं आणि दर वेळी धुतलं जाणारं इंजिन मला त्याच्यापेक्षा केव्हाही आवडेल.

एवढं झाल्यावर मग चालू करा. पाण्याशिवाय नाही, दोन सेकंदसुद्धा नाही, कारण पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाती असलेलं चाक, पाण्यानेच ओला राहतो, कोरडा फिरला की त्याची पाती जळतात. मोठा पिंप भरून त्यात उभं करा किंवा पाणी आत ओढणाऱ्या भोकांवर बसणारे नळीचे कप लावा. मालक स्वतःच "थोडंसं कोरडं चालवलं तर काही होत नाही" असं म्हणाला तर तो रोज काय करत असेल याचा अंदाज येतो.

थंड इंजिन चोकवर तीनचार हिसक्यांत लागलं तर छान. थोडा निळा धूर टू-स्ट्रोकला असणारच. आधी पेट्रोलचा हातपंप म्हणजे तो रबरी गोळा दाबून बघा, कडक होऊन कडकच राहायला हवा, परत परत मऊ पडत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा हवा ओढतंय. चोक बंद केल्यावर बंद पडत असेल, फक्त जास्त रेसवरच राहत असेल, तर कार्बोरेटरची बारीक भोकं तुंबलीत. ही दुरुस्ती होण्यासारखी आहे, पण त्याचे पैसे किमतीतून कमी करा.

थोड्याच सेकंदांत मागून पाण्याची धार यायला हवी, जोरदार आणि सलग. नाही आली तर लगेच बंद करा. कधी कधी नुसतं भोक मिठाने नाहीतर किड्याच्या घरट्याने तुंबलेलं असतं, बारीक तार घालून बघा. पण धार आली म्हणजे सगळं थंड होतंय असंही नाही, धार फक्त सांगते की पंप पाणी वर ढकलतोय, हेडच्या आत मिठाचे थर असतील तर एखादा सिलिंडर तापतच राहतो. दहा मिनिटांनी हेडजवळ हात नेऊन बघा (चिकटवू नका), दोन सिलिंडरमध्ये फार फरक नको. मल्टिमीटर बॅटरीला लावा, चार्जिंग असलेलं इंजिन थोड्या रेसवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवतं, १२ च्या आसपासच अडकलं तर रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा स्टेटर गेलाय. किल स्विचची दोरी ओढून बघा, लगेच बंद झालं पाहिजे. हे तपासायला लोक लाजतात का कोण जाणे, उद्या तुम्ही पाण्यात पडलात तर तेवढी एकच दोरी तुम्हाला त्या फिरत्या पंख्यापासून वाचवणार आहे.

टिल्टची (इंजिन वर-खाली उचलणारी) मोटर असेल तर पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि वर ठेवून बाकीचं बघेपर्यंत तसंच राहू द्या, हळूहळू खाली उतरत असेल तर हायड्रॉलिक गळतंय. स्टिअरिंग दोन्हीकडे सहज वळतंय का, ब्रॅकेटचे स्क्रू फिरतात का, हे पटकन बघून घ्या.

आणि शेवटी पाण्यात चालवल्याशिवाय पैसे नाहीत. पिंपात लोड नसतो. मला एकदा एक इंजिन मिळालं होतं, पिंपात निर्दोष, कॉम्प्रेशन उत्तम, पाण्यात नेलं आणि अर्ध्या थ्रॉटलच्या वर गेलो की गिअर धाडकन सुटायचा आणि परत बसायचा, अख्खी बोट हादरायची. क्लचचे कोपरे गोल झाले होते. पिंपात हे कधीच दिसलं नसतं. पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम येतो ते बघा, बहुतेक आउटबोर्ड ५००० ते ६००० च्या मध्ये कुठेतरी असायला हवीत, नेमकी मर्यादा त्या मॉडेलची बघा. कमी येत असेल तर पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा जेवढं पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे किंवा एक सिलिंडर झोपलाय. पिच १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. उलट इंजिन भोंगावतंय पण बोट त्या मानाने जात नाहीये, असं झालं तर पंख्याच्या आतलं रबर घसरतंय, ते मात्र पंख्यापुरतं काम आहे. दहा मिनिटं तरी सलग चालवा, मग हळू करा, आयडलवर बंद पडतंय का बघा, बंद करा आणि गरम असताना परत चालू करा.

व्यवहाराचं फार लिहीत नाही. पावती घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, बोटीबरोबर नोंदणी लागत असेल तर त्याचे कागद. जे जे दोष सापडले ते मालकासमोर शांतपणे ठेवा, त्याला कमी लेखू नका, कित्येकदा बिचाऱ्यालाही माहीत नसतं. आणि मनातून "आता एवढ्या लांब आलोच आहे तर" असं वाटायला लागलं की जरा बाजूला जाऊन पाणी प्या.

घेतलंत तर आणताना सांभाळा. आडवं ठेवावं लागलं तर वरचं इंजिन खालच्या गिअरबॉक्सपेक्षा वरच राहिलं पाहिजे, नाहीतर शाफ्टभोवती राहिलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. फोर-स्ट्रोकला कुठल्या कुशीवर झोपवायचं ते कव्हरवर किंवा पुस्तकात दिलेलं असतं, चुकीच्या कुशीवर ठेवलं की ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि मग चालू केल्यावर धुराचा लोट.

घरी आल्यावर मालक काहीही म्हणाला असला तरी गिअर ऑइल, प्लग, फिल्टर, पेट्रोलच्या नळ्या आणि इंपेलर मी नवेच घालतो. इंपेलर काढताना त्याची पाती मोजा. जुन्यात एखादं दुसरं पातं तुटलेलं असेल तर नवा बसवून मोकळे होऊ नका, तो तुकडा कुठेतरी वर पाण्याच्या मार्गात अडकलेला असतो आणि नव्या पंपाचं पाणीही तिथेच अडवतो. माझ्या सध्याच्या इंजिनात असे दोन तुकडे कमी होते, एक पंपाच्या वरच्या नळीत सापडला, दुसरा थर्मोस्टॅटच्या घरात, वाकड्या तारेने ओढून काढला, कडक होऊन काळ्या प्लास्टिकसारखा झालेला. दोन्ही तुकडे जुन्या इंपेलरला लावून बघितले, बरोबर बसले, मगच कव्हर बंद केलं.